कमठा, कमान आणि धारूरचा तीर



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे बहुधा गड, तह आणि लढाया ऐकावयास मिळतात. मी आज एका वाकवलेल्या काठीविषयी बोलणार आहे. तिला आपण धनुष्य म्हणतो, कमठा म्हणतो, कमान म्हणतो. आणि ही तीन नावे एकाच वस्तूची नव्हेत, हे सांगण्यातच माझा निम्मा वेळ जाणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी तुरीच्या ओल्या काठीला सुतळी बांधून कमठा केला असेल. कडब्यातले सरळ चिपाड निवडायचे, त्याच्या टोकाला बाभळीचा काटा खोचायचा आणि शेजाऱ्याच्या कोंबडीवर नेम धरायचा. माझा बाण कोंबडीला कधीच लागला नाही. पण काठी किती वाकवली म्हणजे मोडते आणि कोणत्या बाजूने मोडते, हे ज्ञान त्या वेळी झाले ते पुढे पुस्तकांतून झाले नाही. वाकलेल्या काठीची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. चांगला कमठा करणाऱ्याचे सारे कसब हा ताण आणि हा दाब सोसणारे लाकूड ओळखण्यात असते.

हा प्रश्न जगात निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या रीतीने सोडवला. इंग्रजांनी यू नावाच्या झाडाचे लाकूड घेतले. त्याचा बाहेरचा पांढरा भाग ताण सोसतो, आतला तांबूस गाभा दाब सोसतो, आणि दोन्ही एकाच फांदीत मिळतात. अशा पुरुषभर उंचीच्या धनुष्यांनी 1346 साली क्रेसीला आणि 1415 साली अॅजिनकोर्टला फ्रेंच सरदारांची चिलखती फौज मोडली. इंग्लंडात ह्या धनुष्याचे कौतुक इतके की रॉजर अॅस्कम नावाच्या पंडिताने 1545 साली त्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. योग असा की त्याच वर्षी त्यांचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ गलबत बुडाले. ते 1982 साली वर काढण्यात आले. त्यातून शंभरावर अखंड धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. त्यामुळे आज इंग्रजाला आपले जुने धनुष्य किती लांब, किती जाड आणि किती ताठ होते हे मोजून सांगता येते.

आपल्याकडे असे बुडालेले गलबत नाही. पण पुरावा अगदीच नाही असेही नाही. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसच्या वृत्तांतावरून एरियनने हिंदी पायदळाचे वर्णन करून ठेवले आहे. धनुष्य धरणाऱ्याच्या उंचीएवढे. त्याचे एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबायचे आणि दोरी मागे ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब. त्याच्यापुढे ढाल किंवा उरस्त्राण टिकत नसे, असे तो म्हणतो. ख्रिस्तपूर्व 326 साली झेलमकाठी पोरसाची लढाई झाली तेव्हा पाऊस पडून जमीन निसरडी झाली होती आणि हे लांब धनुष्य नीट टेकवता येईना, असे कर्टियस सांगतो. कोणते हत्यार कोणत्या जमिनीवर उपयोगी, याचा विचार केल्याशिवाय लढाईचा इतिहास लिहू नये, असे मला ही हकीकत वाचताना दर वेळी वाटते.

आपले ग्रंथही ह्या बाबतीत मुके नाहीत. अग्निपुराणातील धनुर्वेदात चार हात लांबीचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ मानले आहे. दीड फुटाचा हात धरला तर उत्तम धनुष्य सहा फुटांचे होते, म्हणजे इंग्रजी लांब धनुष्याएवढेच. चार हात म्हणजे एक धनुष्य हे पुढे जमीन मोजण्याचे मापच झाले. कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार प्रकार दिले आहेत : ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. त्याच ठिकाणी दोऱ्यांची यादी आहे. मूर्वा, रुई, ताग अशी वाखाची नावे येतात, स्नायूचे नाव येते, आणि त्यातच एक शब्द आहे : वेणु. बांबूच्या धनुष्याला बांबूचीच दोरी! मी हे प्रथम वाचले तेव्हा लेखनिकाची चूक असावी असे समजून पुढे गेलो. ती चूक नव्हती, हे मला सातपुड्यात कळले. ते पुढे सांगतो.

त्यापूर्वी आपल्या जिल्ह्यात येऊ. बीड शहरात जटाशंकराचे देऊळ आहे, आणि जटायू येथे पडला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेतले धनुष्य रामाचे. त्याला हात लावण्याचे मला कारण नाही. मी धरतो तो इतिहासातला बाण बालाघाटाच्या धारेवर सुटलेला आहे. धारूरचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. 1565 साली तालिकोटला दक्षिणेतल्या सुलतानांनी एक होऊन विजयनगर बुडवले, आणि दोन वर्षे होतात न होतात तोच ते आपसांत भांडू लागले. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी याने 1567 च्या सुमारास निजामशाहीच्या तोंडावर धारूरचा हा कोट बांधला. अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा चालून आला. फिरिश्ता सांगतो की किश्वरखानाने त्याला मर्यादा सोडून पत्र लिहिले. ते वाचून सुलतान इतका संतापला की किल्ल्यात शिरल्यावाचून रिकिबीतून पाय काढणार नाही अशी त्याने शपथ घेतली आणि तसाच दरवाजावर धावला. आतून तोफा, बंदुका आणि बाणांचा मारा चालू होता. मध्येच मारा थांबला. लोक आत शिरून पाहतात तो किल्ल्यात सामसूम. बाहेरून आलेला एक तीर किश्वरखानाला लागून तो ठार झाला होता, आणि धनी पडलेला पाहून शिबंदी पळाली होती. मुर्तजाने धारूरचे नाव फतेहाबाद ठेवले.

ह्या हकीकतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तोफ आणि बंदूक दक्षिणेत चांगली रुळली होती त्या काळातही बालाघाटावरच्या एका किल्ल्याचे भवितव्य तिरावर ठरले, ही एक. दुसरी अशी की तो तीर बांबूच्या कमठ्यातून सुटलेला नसावा. सुलतानी फौजेतला तिरंदाज वापरीत असे ती कमान. लाकडाचा सांगाडा, पोटाला शिंगाच्या पट्ट्या, पाठीवर जनावराच्या स्नायूचे थर, आणि सारे सरसाने सांधलेले. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. इंग्रजाला एका फांदीत मिळाले ते तुर्काने तीन जिनसा चिकटवून साधले. दोरी उतरवली की ही कमान उलट बाजूला वळून बसते. ती आखूड असल्यामुळे घोड्यावरून डावी-उजवीकडे फिरवता येते. दक्षिणेत ह्या कमानीची धास्ती किती होती? विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने, म्हणजे तालिकोटच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी, बहमनी फौज आपल्याला का भारी पडते अशी सभेत विचारणा केली. त्यांचे घोडे चांगले आणि त्यांचे तिरंदाज चांगले, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्याने मुसलमान तिरंदाज चाकरीस ठेवले आणि आपल्या लोकांना त्यांच्याकडून विद्या शिकवली. फिरिश्ता आकडा देतो तो दोन हजार मुसलमान आणि साठ हजार हिंदू तिरंदाजांचा. आकड्यात फुगवटा असेल; पण शत्रूची विद्या शिकून घ्यावी हा विचार खरा मानण्यास हरकत नाही.

कमानीची दोरी ओढण्याची रीतही वेगळी. अंगठा दोरीत अडकवायचा आणि तर्जनीने त्याला वरून दाबायचे. दोरीने कातडी सोलू नये म्हणून अंगठ्यात हाडाचे, शिंगाचे किंवा दगडाचे कडे घालीत. फारसीत त्या कड्याला ‘शस्त’ म्हणतात, आणि नेम धरणे ह्यालाही तोच शब्द येतो. आपल्याकडे बंदुकीची ‘शिस्त धरणे’ असा प्रयोग जुन्या मराठीत आहे. मोकळ्या रानात पोरे बेशिस्त वागतात म्हणून ओरडणाऱ्या गुरुजींना आपण तिरंदाजाच्या अंगठीचे नाव घेत आहोत याची कल्पना नसते! कमान शब्दाचेही असेच. हत्यार गेले, पण देवळाची कमान राहिली, घड्याळाची कमान राहिली, छकड्याखालची पोलादी कमान राहिली. वाकून परत उसळते ते सारे कमान.

आता दोन बोटांची रीत. बांबूचा कमठा तर्जनी आणि मध्यमा ह्या बोटांनी ओढतात, अंगठ्याचे काम नसते. भिल्ल लोक बाणाला अंगठा लावीत नाहीत आणि ते एकलव्याच्या स्मरणार्थ, असे सर्वत्र सांगितले जाते. एकलव्य निषादांचा, हिरण्यधनूचा मुलगा. आदिपर्वात द्रोणाला अंगठा दिल्यानंतर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे म्हटले आहे. हे कवीने उगाच लिहिलेले नाही. अंगठ्याने ओढण्याची रीत आणि बोटांनी ओढण्याची रीत ह्या दोन्ही माहीत असलेल्या माणसाचे ते लिहिणे आहे. माझा तर्क असा की साध्या लांब धनुष्याला बोटांची रीत स्वाभाविक होती आणि रानातल्या लोकांनी ती कायम ठेवली. एकलव्याची कथा तिला मागाहून येऊन मिळाली. तर्क म्हणूनच तो घ्यावा. ज्यांची ही कथा आहे त्यांना ती खोटी म्हणून सांगावयास मी जाणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने प्रत्येक बाणाबरोबर एक जुना अन्याय आठवला जातो, आणि अशी आठवण ठेवण्याचा त्यांना हक्क आहे.

भिल्ल हे नावच द्राविडी ‘बिल्लु’ किंवा ‘विल्’ म्हणजे धनुष्य ह्यावरून आले असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्या बीड जिल्ह्यात आदिवासींची वस्ती थोडी. म्हणून कमठा पाहावयाचा तर उत्तरेस खानदेश ओलांडून सातपुड्यात जावे लागते. जाता जाता एक इशारा. जुनी कागदपत्रे चाळताना ‘बाण’ दिसला की तो धनुष्याचाच समजू नये. 10 ऑगस्ट 1763 रोजी आपल्याच गोदाकाठी राक्षसभुवनास माधवराव पेशव्याने निजामाची फौज मोडली आणि विठ्ठल सुंदर तेथे पडला. त्या काळच्या मराठी लिखाणात बाण म्हणजे दारू भरलेली नळी, आणि बाणदार म्हणजे ती पेटवून सोडणारा. धनुष्यातून सुटतो तो तीर. हा भेद न कळल्यामुळे चांगल्या चांगल्या लेखकांनी पेशव्यांच्या हाती धनुष्ये दिली आहेत.

धनुष्य मागे का पडले, ह्याचे उत्तर बंदूक आली म्हणून, असे एका वाक्यात देतात. ते पुरेसे नाही. शहाजहान-औरंगजेबाच्या काळी हिंदुस्थानात राहिलेला बर्निए लिहितो की बंदूकवाल्याच्या दोन गोळ्या सुटतात तोवर घोडेस्वार सहा तीर सोडतो. मग हत्यार हरले कशाने? मला वाटते ते शिक्षणाने हरले. बंदूकवाला थोड्या महिन्यांत तयार होतो. तिरंदाजाला लहानपणापासून खांदा घडवावा लागतो. शिवाय आपला पावसाळा शिंगाच्या कमानीचा वैरी. दमट हवेत सरस सुटतो, पाठीवरचे थर उकलतात. म्हणून काहींनी पोलादी कमानी केल्या; त्या शस्त्रागारात पडून राहिल्या तरी बिघडत नसत, पण हातात जड आणि मारा कमी. रानातला बांबूचा कमठा मात्र फुकट होता, आणि म्हणून तो टिकला. 1825 साली आउट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारून भिल्लांच्या हाती सरकारी बंदुका दिल्या. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला खाजा नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिली. त्यानंतर वीस वर्षांनी, 1878 च्या हत्यारांच्या कायद्यात, तोफ, बंदूक, तलवार यांच्या पंगतीला सरकारने धनुष्यबाणही नाव घेऊन बसवला. एका बांबूच्या काठीला साम्राज्याने दिलेली ही पावती मला कोणत्याही पोवाड्यापेक्षा बोलकी वाटते.

लढाईतून गेलेले धनुष्य गणितात मात्र ठाण मांडून बसले. वर्तुळाचा तुकडा तो चाप, त्याची दोरी ती ज्या, मधली उंची तो शर. खानदेशात पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. तेथे ज्या सिद्धान्तांचे अध्यापन व्हावयाचे होते त्यांत ही सारी धनुष्याची भाषा आहे. ‘ज्या’ हा शब्द अरबांनी घेतला, त्यांच्याकडून तो लॅटिनात जाताना अर्थाची उलथापालथ होऊन ‘साइन’ झाला. आपली मुले शाळेत साइनची कोष्टके घोकतात ती कमठ्याच्या दोरीचीच कोष्टके.

आता सातपुड्यातली गोष्ट. धडगावच्या बाजारात काही वर्षांपूर्वी मी एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर कमठा पाहिला. बांबूचा, साधा, मध्ये मुठीपाशी हाताने गुळगुळीत झालेला. दोरी पाहिली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. बांबूच्या सालीची ती चिवट पट्टी दोन्ही टोकांना बारीक दोराने बांधली होती. कौटिल्याची वेणु! रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली छापलेल्या ग्रंथात भिल्लांच्या ह्या दोरीची नोंद आहे हे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे. दोन हजार वर्षे ग्रंथात पडून असलेला शब्द एका म्हाताऱ्याच्या खांद्याला लटकत होता. भात्यात बाण होते तेही निरनिराळे : काहींना सुरीसारखे चपटे पाते, काहींना खिळ्यासारखी टोके, आणि पाखरांसाठी बोथट गोंड्याचे, म्हणजे पाखरू पडावे पण फाटू नये.

मी तो विकत मागितला. म्हातारा हसला आणि म्हणाला, “तू कोणाला मारणार?”

“मारायचा नाही, बाबा. घरी ठेवायचा. लोकांना दाखवायचा.”

“मग बाजारात रंगवलेले मिळतात. ते घे. हा काम करणारा आहे.”

त्याने एका वाक्यात संग्रहाचे शास्त्र सांगितले. रंगीत झिरमिळ्या लावलेले, दोरीला हात लावताच सैल पडणारे धनुष्य पाहुण्यांसाठी केलेले असते. त्यात वाईट काही नाही, त्यावर कोणाचे घर चालते. पण तो कमठा नव्हे. खरा कमठा ओळखायचा तो टोकांच्या खाचांवरून, मुठीवरच्या घामाच्या काळेपणावरून, आणि दोन्ही बाहू सारखे वाकतात की नाही यावरून. त्याच्याबरोबरचे बाण न घेता नुसता कमठा घेणे म्हणजे उखळ ठेवून मुसळ टाकून देणे. बाणाची जाडी आणि वजन त्या कमठ्याच्या ताठपणाला जुळवलेले असते.

शेवटी त्याने तो दिला. किंमत त्यानेच सांगितली आणि मी घासाघीस केली नाही. आता माझा अपराध सांगतो. मी त्याला बांबू कोठला, कोणत्या महिन्यात तोडला, किती दिवस धुरावर ठेवला, हे विचारून लिहून घेतले. पावसाळा सरल्यावर थंडीत तोडलेल्या बांबूत भुंगा कमी लागतो, हे त्याने सांगितले. बांबूतला गोडवा तेव्हा कमी असतो, आणि भुंगा त्या गोडव्यासाठीच येतो. हे सारे माझ्या वहीत आहे. कमठा करणाऱ्याचे नाव विचारावयाचे मात्र राहून गेले. तो त्यानेच केला होता की भावाने, की गावात कमठे करणारा कोणी वेगळा होता, हेही मला ठाऊक नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात हत्यारांच्या दालनातून हिंडताना मी हाच दोष दुसऱ्यांना देत आलो होतो : तलवारीवर धन्याचे नाव असते, घडवणाऱ्याचे क्वचितच.

पुढे त्या कमठ्याचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मी तो बीडला आणून हौसेने दोरी चढवलेल्या स्थितीत बैठकीच्या भिंतीवर टांगला. चैत्र गेला, वैशाख आला. आपला वैशाख कसा असतो ते तुम्हांला सांगावयास नको. एका दुपारी घरात गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. वरच्या बाहूला हातभर लांब चीर गेली होती. सातपुड्यातला बांबू, धुरावर आणि पावसात वाढलेला. त्याला मी कोरड्या भिंतीवर रात्रंदिवस ताणून ठेवले होते. काम नसताना दोरी उतरवावी, कमठा आडवा दोन खुंट्यांवर सावलीत ठेवावा, अधूनमधून तेलाचा हात फिरवावा, एवढे साधे नियम आहेत. इंग्रजाला ते माहीत होते, भिल्लाला माहीत होते. पुस्तके वाचणाऱ्या मला माहीत नव्हते.

आज रानात शिकारीला जागा नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तर ती बंदच झाली, आणि ते योग्यच झाले. उलट मैदानातली तिरंदाजी वाढते आहे. साताऱ्याकडच्या आदिती स्वामीने 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि नागपूरच्या ओजस देवतळेने त्याच स्पर्धेत पुरुषांचे सुवर्णपदक आणले. त्यांच्या हातातले कप्प्यांचे धनुष्य आणि माझा फुटका कमठा यांचे नाते दूरचे आहे; पण श्वास रोखून दोरी सोडण्याचा क्षण तोच. मात्र मैदानावरची तिरंदाजी वाढली म्हणून रानातली विद्या आपोआप जगेल असे मानू नये. ती ज्यांच्या हातात आहे ते म्हातारे होत आहेत.

आपल्या जिल्ह्यात करता येण्याजोगे कामही आहे. गावोगावच्या पारावर, देवळामागे वीरगळ पडलेले आहेत. महाराष्ट्रातल्या काही वीरगळांवर धनुर्धारी वीर कोरलेले आढळतात. आपल्याकडचे वीरगळ ह्या दृष्टीने कोणी तपासावेत : धनुष्य वीराच्या कमरेपर्यंत येते की खांद्यापर्यंत, एका वाकाचे आहे की दोन वाकांचे, दोरीवर अंगठा आहे की बोटे. शेंदराखाली पुष्कळ काही झाकलेले असेल. तो खरवडू नये, गावकऱ्यांना विचारून, ओल्या फडक्याने पुसून पाहावे आणि कागदावर आकृती काढून घ्यावी. शाळेतल्या मुलांनाही हे काम जमेल.

माझ्या घरी तो कमठा अजून आहे, दोरी उतरवलेला. त्याला मी एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर गाव आहे, बाजाराचा वार आहे, किंमत आहे, बांबू तोडल्याचा महिना आहे. पहिली ओळ कोरी सोडली आहे. येत्या दिवाळीनंतर धडगावला जाण्याचा विचार आहे. म्हातारा भेटला तर त्याला विचारीन, न भेटला तर त्याच्या गावात विचारीन. आपल्यापैकी कोणाला बरोबर यावयाचे असेल त्याने सभा संपल्यावर मला भेटावे.